दोन सिलिंडर, एक नळी

मित्रांनो, मी पूर्वी मोटरसायकलवर होतो आणि आता मोटारीत आहे. ऐकणाऱ्याला वाटते, स्वारीला बढती मिळाली. तसे काही नाही. मी क्लचचा एक जुना सिलिंडर आहे, मुठीत मावेल एवढा. डोक्यावर चौकोनी वाटी, वाटीवर दोन स्क्रूंनी बसवलेले झाकण, पोटात एक दट्ट्या, दट्ट्यावर दोन रबरी सील आणि पुढे बोटांनी दाबायचा दांडा. एवढाच माझा संसार.

माझे काम सांगायला सोपे आहे. वाटीत द्रव असतो. द्रव दाबून लहान होत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. दांडा दाबला की दट्ट्या सरकतो, द्रव नळीतून पळतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाच्या सिलिंडरला ढकलतो. तो क्लच सोडवतो. इंजिन फिरत राहते, पण चाकांशी त्याचे नाते तेवढ्यापुरते तुटते. दांडा सोडला की नाते पुन्हा जुळते. मी नीट तोडले नाही, तर थांबायच्या जागी इंजिन गाडीला पुढे रेटत राहते. म्हणून मला काळजी करायची सवय आहे. ती जन्मापासूनची आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. एका तपासनीस बाईने माझ्या पोटातून दिव्याकडे पाहिले, आतली भिंत आरशासारखी आहे अशी खात्री केली आणि मगच मला पेटीत ठेवले. माझ्या झाकणावर उठावाची अक्षरे होती: फक्त मिनरल ऑइल. ती शोभेसाठी नव्हती. बहुतेक गाड्यांच्या क्लचमध्ये ब्रेक ऑइल घालतात. नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हेच, ते वेगळेच रसायन. माझे रबर मात्र खऱ्या तेलात राहणारे होते. ब्रेक ऑइल त्याला सोसत नाही. हे सांगायला मला तोंड नव्हते, झाकण होते.

मोटरसायकलवर मी नऊ वर्षे काढली. औषधांची खोकी पोचवणारा एक माणूस ती चालवायचा. तो मला दोन बोटांनी दाबायचा आणि लोकांना सांगायचा, "क्लच कसला, लोणी आहे." मग इंजिन गेले, मोटरसायकल मोडीत निघाली आणि मी भंगारवाल्याच्या पेटीत बिजागऱ्या आणि नळाच्या चाव्यांखाली पडलो. तीन वर्षे. वाटीत थोडे तेल शिल्लक होते, म्हणून रबर मऊ राहिले. त्या पेटीत मला एकच भीती वाटायची, की कोणी हात घालेल तो मला वितळवण्यासाठीच.

हात घातला तो एका निवृत्त खराद्याने. चाळीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याने दांडा तीनदा दाबला, दट्ट्या परत येतो का पाहिले आणि मला खिशात टाकले.

त्याची मुलगी परिचारिका होती. घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणे, इंजेक्शने देणे हे तिचे काम. रुग्णालयाच्या जिन्यावरून पडून तिचा डावा गुडघा कायमचा आखडला होता. पायाने क्लच दाबणे तिला शक्य नव्हते. रुग्णालयाने सांगून टाकले होते की पहिल्या तारखेपासून घरभेटीला जाणाऱ्यांनी आपल्या गाडीने जायचे. जमत नसेल त्यांनी नोंदणीच्या खिडकीत बसायचे. तिच्या फेरीवर अकरा रुग्ण होते. त्यांतला एक म्हातारा शिंपी दुसऱ्या कोणाला पायाच्या जखमेला हात लावू देत नसे.

तेव्हा बापाने आणि मामाने ठरवले की क्लच पायाऐवजी हाताने चालवायचा. लहान गाडी होती, हलका क्लच होता. गिअरच्या दांड्यावर मला बसवायचे, म्हणजे डाव्या हाताने गिअर बदलताना त्याच हाताने मला दाबता येईल. मामा तिच्या आईचे भाऊ. त्यांचे गॅरेज होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते "जरा सबुरीनं" म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना सबुरीमामा म्हणत.

आता जे घडले ते नीट ऐका. खराद्याने मला घरी नेले, रॉकेलने आतून-बाहेरून धुतले आणि झाकण हातात घेतले. त्यावर तेलाचा आणि गंजाचा थर होता. थराखाली काहीतरी खडबडीत लागले. चाळीस वर्षांत त्याने खडबडीत काही हातावेगळे केले नव्हते. ओतकामाचा खरखरीतपणा असणार, असे त्याला वाटले. त्याने बारीक कानस घेतली, मग पॉलिशचा कागद, मग कापड. तासाभरात झाकणात चेहरा दिसू लागला. माझी अक्षरे भुकटी होऊन फडक्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला पाहिले.

"दाजी, हे नवं आणलंत की काय?"

"भंगारातलं आहे. जरा हात फिरवला."

"तुमच्या हाती बटाटा दिला तर त्याचे डोळेसुद्धा घासून काढाल."

दोघे हसले. मी हसलो नाही. मामांनी गिअरच्या दांड्यावर पट्टी लावून मला बसवले, गाडीचा खालचा सिलिंडर माझ्या मापाला जुळेल असा बारीक निवडला आणि वाटीत ब्रेक ऑइल ओतले. त्यांची चूक म्हणता येणार नाही. खालचा सिलिंडर ब्रेक ऑइलवरचाच होता आणि माझ्यावर काही लिहिलेले नव्हते. पिवळसर, पातळ, अनोळखी असे काहीतरी माझ्या सीलभोवती पसरले आणि माझी खरी काळजी सुरू झाली.

परीक्षेला तेव्हा वीस दिवस होते. बदल केलेली गाडी आणि ती चालवणारी, दोघींना वाहन निरीक्षकांसमोर एकत्र पास व्हायचे होते.

पहिला आठवडा छान गेला. परिचारिका रोज संध्याकाळी सातच्या आत रुग्णालयाच्या मागच्या आवारात सराव करायची. तिची बोटे मला कळायला लागली. ती दाबताना घाई करत नसे, सोडताना तर मुळीच नाही. कोणाच्या तरी दंडातून सुई काढावी तशी ती मला सोडायची. अशा हाताखाली काम करायला मिळणे भाग्याचे. आणि आतून माझे रबर फुगत होते.

आठव्या दिवशी दांडा परत यायला रेंगाळला. नवव्या दिवशी वाटीतला द्रव चहासारखा झाला आणि दहाव्या दिवशी शाईसारखा. मामांनी झाकण उघडून पाहिले.

"नळी जुनी आहे. नळीचं रबर उतरतंय."

नळी बदलली. द्रव बदलला. हवा काढली. हवा काढणे म्हणजे काय, तर एकाने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, स्क्रू आवळायचा आणि मगच दांडा सोडायचा. परिचारिका वर, मामा खाली.

"धर."

"धरला."

"सोड."

असे चाळीस वेळा. दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा शाई.

"खालचा सिलिंडर असणार," मामा म्हणाले. त्याचे सील बदलले. पुन्हा धर, सोड. पुन्हा दोन दिवस. मित्रांनो, दुखणे माझ्या पोटात होते आणि औषध दुसऱ्यांना मिळत होते. मी काय करणार? थेंब थेंब गळायला लागलो, तर तो थेंब त्यांनी फडक्याने पुसून टाकला.

परीक्षेला पाच दिवस असताना ती आवारात सराव करत होती. समोर भिंतीला टेकवून जुन्या लोखंडी खाटा रचल्या होत्या. तिने थांबण्यासाठी ब्रेकवर पाय ठेवला आणि मला दाबले. माझ्या पोटात दाब उभाच राहिला नाही. फुगून मऊ झालेल्या सीलच्या कडेवरून द्रव मागे निसटला आणि दांडा ओल्या पुठ्ठ्यासारखा मुठीपर्यंत आला. क्लच सुटला नाही. इंजिन गाडीला खाटांकडे रेटत राहिले. तिने उजव्या पायात होते तेवढे बळ ब्रेकवर टाकले. गाडी दोन हिसके खाऊन बंद पडली. पुढचा दिवा आणि खाटेचा पाय यांत वीतभर अंतर उरले.

ती बराच वेळ उतरली नाही. तिचा हात माझ्यावरच होता. मग तिने पिशवीतून पांढऱ्या गॉझचा तुकडा काढला, झाकण उघडले, वाटीच्या तळाशी तो फिरवला आणि उजेडात धरला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तिने तो मामांच्या पुढे ठेवला. खराद्याही तिथेच स्टुलावर बसला होता.

"मामा, हे बघा. बारीक काळे कण आहेत. हा मळ नाही, आतलं काहीतरी विरघळतंय."

"नळी नवी आहे, खालची सील नवी आहेत. विरघळायला उरलं काय?"

"वरचा उरला की."

"वरचा तर दाजींनी आरसा करून दिलाय."

"आमच्याकडे दोन औषधं असतात," ती म्हणाली. "वेगवेगळी दिली तर दोन्ही गुणाची. एकाच नळीतून दिली की नळीत दही. म्हणून आम्ही आधी बघतो, कशाशी काय चालतं."

मामांनी पाना हातात घेतला. गॅरेजात माणसे त्यांना शिकवायला येत नसत. पण ती भाची होती आणि तिचा दिवा वीतभराने वाचला होता.

मला उघडले गेले. माझे एक सील आणि खालच्या सिलिंडरचे एक सील, दोन्ही तिने मोजायला लावली. खराद्याने कॅलिपर लावून आकडे कागदावर लिहिले. माझे पुढचे सील आधीच फुगलेले होते, म्हणून दांड्याच्या बाजूला मागे बसलेले, द्रवात फारसे न भिजलेले सील त्यांनी तपासायला घेतले. दोन्ही सील दोन काचेच्या पेल्यांत ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. खालचे होते तसेच. माझे एका दिवसात जवळपास एक मिलिमीटरने वाढले होते आणि बोटाला काळे लागत होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आणलंत तेव्हा याच्यावर काही लिहिलं होतं का?"

खराद्याने चष्मा काढला. फडक्याने पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"खडबडीत होतं काहीतरी," तो म्हणाला. "मला वाटलं, ओतकाम."

 लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर वस्तू स्वतःहून परत मागवणारा तो माणूस. आपल्या हाताने आपण मुलीला खाटांवर नेऊन घातले असते, एवढे त्याला कळले होते.

मामांना इथे टोमणा मारता आला असता. संधीही होती, नातेही होते. ते म्हणाले, "अक्षरं असती तरी मी वाचली असती का दाजी? बाटली हातात होती, ओतली."

परीक्षेला तीन दिवस. सोपा उपाय मामांना लगेच सुचला: ब्रेक ऑइल न सोसणारे रबर बहुधा मिनरल ऑइलचे, तेव्हा मला तेच घालायचे. परिचारिका म्हणाली, आधी पेल्यात. खालच्या सिलिंडरचे सील मिनरल ऑइलमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते पावासारखे फुगून वर आले. म्हणजे एका नळीच्या दोन टोकांना दोघे बसलो होतो आणि एकाचे अन्न दुसऱ्याचे विष होते. आमच्यापैकी एकाला आपले रबर सोडावे लागणार होते.

सुट्या भागांच्या दुकानदाराने जांभळ्या रंगाची महागडी बाटली पुढे केली. "सिलिकॉनचं आहे. कशालाही चालतं."

"कशालाही चालतं असं औषध माझी भाची घेत नाही," मामा म्हणाले. त्यांना ते माहीत होते. तो द्रव दुसऱ्यांत मिसळत नाही आणि बुडबुडे धरून बसतो.

मग निर्णय कोणता? सांगतो, कारण तो मला आवडला नव्हता आणि तरी बरोबर होता. परिचारिकेने विचारले, "मामा, मी लांब कुठं अडकले आणि अनोळखी गॅरेजात गाडी नेली, तर ते काय ओततील?"

"ब्रेक ऑइल. डोळे मिटून."

"मग तेच चाललं पाहिजे."

तेव्हा बदलायचे मी. माझ्या मापाची, पण ब्रेक ऑइलला सोसणारी सील मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या पाकिटात मिळाली. खराद्याने ती तीन वेळा मोजली. मला, खालच्याला आणि वाटीला स्पिरिटने धुतले, वाऱ्यावर वाळवले, पुन्हा धुतले. नळी नवी असूनही फेकली. मामांना ती नळी परवडत होती, शंका परवडत नव्हती. सीलबंद डबा समोर फोडला, कारण उघडा राहिलेला ब्रेक ऑइलचा डबा हवेतले पाणी पितो. जुनी दोन सील टेबलावर पडली होती. नऊ वर्षे मी त्यांच्या जिवावर काम केले होते. त्यांच्याकडे बघायला मला झाकणही नव्हते, ते खराद्याच्या हातात होते.

तो कोपऱ्यात बसून ठोकत होता. अक्षरांचे ठसे त्याच्याकडे नव्हते. छिन्नीच्या टोकाने एकेक रेघ मारून त्याने झाकणावर लिहिले: फक्त ब्रेक ऑइल. अक्षरे वाकडी आली, कडा उठल्या.

"घासून देऊ का दाजी?" मामांनी विचारले.

"हात लावू नका," तो म्हणाला.

परीक्षेच्या सकाळी दहा वाजता निरीक्षक आले. बारीक मिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पट्टी हलवून पाहिली, नळी कुठे घासत नाही ना ते पाहिले, झाकण वाचले. मग शेजारी बसले. गाडी आवाराबाहेरच्या चढावर नेली. तीनदा थांबवली, तीनदा पुढे काढायला लावली. एकदाही ती मागे घसरली नाही. मला वाटले, सुटलो.

"आता पहिला गिअर टाका," निरीक्षक म्हणाले. "ब्रेक सोडून द्या. क्लच दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

आम्ही तेव्हा सपाट जागी, फाटकासमोर उभे होतो. फाटकाशी मामा आणि खराद्या. इंजिन सुरू, गिअर पडलेला, ब्रेकवर पाय नाही. गाडी आणि ती दोन माणसे यांच्यामध्ये फक्त मी होतो आणि माझ्या पोटातली दोन नवी, अनोळखी सील.

निरीक्षकांनी घड्याळात पाहिले.

मित्रांनो, दाबणे आणि सोडणे मला येते. दाबलेले धरून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. दहा सेकंद. द्रव सीलच्या कडेला धडका देत होता. वीस. तिच्या बोटांचा रंग बदलला, हे मला दाबावरून कळले. तीस. मला आत एक गार रेघ जाणवली. थेंब निसटला की काय? निसटला असेल तर दुसरा येईल, मग तिसरा, आणि गाडी फाटकाकडे सरकू लागेल. चाळीस. खराद्याने चष्मा काढला नव्हता, तो नुसता चाकांकडे पाहत होता. पन्नास. तिचा हात थरथरला, मी नाही.

"सोडू नका," निरीक्षक म्हणाले, आणि खिडकीतून वाकून पुढच्या चाकाकडे पाहत राहिले. सत्तर सेकंद झाले होते.

"न्यूट्रल करा. आता सोडा."

चाक बोटभरही फिरले नव्हते. त्यांनी कागदावर सही केली आणि उतरताना एवढेच म्हणाले, "सिस्टर, हाताला व्यायाम द्या. क्लच ठीक आहे."

मामा फाटकाशी खाली बसले. खराद्या आला, खिडकीतून हात घालून त्याने मला एकदा दाबून पाहिले आणि बाजूला झाला.

दुपारी ती पहिल्या फेरीला निघाली. शिंपी दारातच उभा होता. "उशीर केलात," तो म्हणाला आणि पाय पुढे केला.

याला आता सात महिने झाले. तिला आता माझी आठवणही राहत नाही. समोर रस्ता, डोक्यात रुग्णांची यादी, आणि बोटे आपोआप मला दाबतात. माझ्यासारख्या वस्तूला याहून मोठी शाबासकी नाही. पण खरे सांगू का, मला भीती वाटते तीही याचीच. जे नीट चालते त्याच्याकडे कोणी बघत नाही. रबर झिजते, द्रव हवेतले पाणी पितो, आणि हे सगळे आवाज न करता होते. मी कळ येऊन ओरडू शकत नाही. मला फक्त काळे पडता येते, आणि ते झाकणाखाली.

तेव्हा मित्रांनो, एक मागणे. तुमच्या घरी दुसऱ्याचा जीव सांभाळणारी कोणतीही वस्तू असेल, तर तिच्यात काही ओतण्यापूर्वी तिच्यावरचे वाचा, आणि वाचता आले नाही तर विचारा. आणि वर्षातून एखादा दिवस असा निवडा, की त्या दिवशी काहीही बिघडलेले नाही. त्या दिवशी झाकण उघडून आत बघा.